जवारी

आमच्या घरच्या तंबोऱ्याची जवारी लावणारे चाचा गेल्या महिन्यात गेले. वय झालं होतं, आजार असा काही नव्हता. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आपलं नाव कुठे छापून यावं असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि आता विचारायची सोयही राहिली नाही. पण आत्याकडे ज्यांचं येणं-जाणं होतं त्या सगळ्यांना ते आठवतील: खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दोन-तीन कानशी, पॉलिशपेपर आणि दोऱ्याचं रीळ. स्वतःबद्दल ते एवढंच सांगायचे, "आम्ही मिरजेचे." ज्याचा तंबोऱ्याशी संबंध आला आहे त्याला एवढी ओळख पुरते.

ती का पुरते, ते आज लिहावंसं वाटलं.

पुण्यातल्या बहुतेकांना मिरज म्हणजे रेल्वेचं जंक्शन आणि मिशन हॉस्पिटल. पण तिथे शिकलगारांची घरं होती. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे, त्या घासूनपुसून लखलखीत ठेवणारे लोक. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, फौजा आटल्या आणि संस्थानांमधलं हत्यारांचं काम हळूहळू संपत गेलं. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना मात्र गाण्याची आवड होती. दरबारात गवई यायचे, त्यांच्याबरोबर उत्तरेकडे बनलेली वाद्यं यायची, आणि वाद्य म्हटलं की ते कुठेतरी तडकणार, कुठेतरी सुटणार. दुरुस्तीला इथे होतं कोण? तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोहिनुद्दीन या शिकलगारांनी ती वाद्यं हातात घेतली. आधी दुरुस्ती, मग खोलून बघणं, मग स्वतःच बनवणं. १८५० च्या आसपास त्यांनी पहिले तंबोरे केले असं मानतात. पुढे या धंद्यातल्या घरांचं आडनावच 'सतारमेकर' झालं. देशपांडे, कुलकर्णी, जोशी ही आडनावं जशी कामावरून आली, तसंच हे. फक्त यात अर्धा शब्द इंग्रजी!

मला यात गंमत वाटते ती हत्यारांची. हात तेच, कानस तीच. धातूला धार लावणाऱ्या माणसाला पृष्ठभागावरची केसाएवढी चूक बोटांना कळते. तंबोऱ्याचं सगळं मर्म नेमकं तिथेच आहे.

तंबोऱ्याचा भोपळा खाण्याचा नव्हे, कडू भोपळा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठच्या शेतांत होतो. एवढा मोठा भोपळा वेलावर वाढवायचा, वाळवायचा, कापायचा, पाण्यात भिजवून नरम करून आकारात ताणायचा आणि पुन्हा वाळवायचा. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. हे सगळं झालं की एक देखणी वस्तू तयार होते, पण ती अजून बोलत नाही. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीने अगदी किंचित उतरता करायचा, इतका की तार हलताना तिला नुसती शिवत राहील. मग तारेखाली दोरा सारायचा आणि तो मागेपुढे करत राहायचं, जोवर तारेतून ते झणझणतं, भरलेलं गुंजन उठत नाही. हीच जवारी.

या गुंजनात काय असतं, ते सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवलं. वाद्यांच्या शास्त्राचा एक जुना नियम असा की तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर ऐकू यायचे नाहीत. रामन यांनी दाखवलं की तंबोऱ्यात आणि वीणेत ते चक्क ऐकू येतात आणि याचं कारण ती घोडी आहे. खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो, त्याला आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेच्या कारागिरांनी तो गंधार कुठलंही गणित न मांडता, कान लावून आणि कानस चालवून कितीतरी आधी बाहेर काढला होता.

मिरजेचं हे काम दरबारापुरतं राहिलं असतं तर बहुधा संस्थानांबरोबरच संपलं असतं. ते टिकलं, कारण गाणं दरबारातून बाहेर पडलं. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, १८९६ मध्ये तिथून निघाले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन जन्माने मिरजेचे. त्यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. मध्यमवर्गातली मुलंमुली शिकायला लागली, आणि प्रत्येक शिकणाऱ्याच्या घरी एक तंबोरा हवा झाला. आमच्या आत्याचा तंबोरा असाच घरात आला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेलाच राहिले. तंबोऱ्याच्या बाबतीत त्यांच्याइतका चोखंदळ कान विरळा, आणि वाद्याची दुरुस्ती त्यांना स्वतःलाही येत असे. १९३७ मध्ये दक्षिणेतल्या प्रवासात ते गेले, पण त्यांचं दफन मिरजेच्या दर्ग्यातच झालं. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाणं होतं. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो, त्याच्या मंचावर गवयाच्या दोन्ही बाजूंना जे उभे भोपळे दिसतात, ते पाहिले की मला ही सगळी साखळी दिसते.

आता एक प्रश्न. गवयाचं नाव आपल्याला ठाऊक असतं, तबलजीचं असतं, पेटीवाल्याचं असतं. मागे बसून तंबोरा धरणाऱ्या शिष्यांची नावंही निवेदक सांगतो. तो तंबोरा कुणी केला?

आमच्या पिढीला स्टील गिटार माहीत आहे ती 'हवाइयन गिटार' म्हणून. दुपारी विविध भारतीवर तिच्यावर वाजवलेल्या सिनेमातल्या गाण्यांच्या धून लागायच्या. अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या गृहस्थांनी १९४० च्या दशकात स्टील गिटार आणि अँप्लिफायर बनवायला सुरुवात केली. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! १९९१ मध्ये ते वारले, पण वादक अजूनही सहज म्हणतो, "माझी फेंडर आहे." करणाऱ्याचं नाव वाद्यालाच चिकटलं. आपल्याकडे माणसाचं नाही, गावाचं नाव चिकटलं. आत्या म्हणायची, "माझा मिरजेचा तंबोरा आहे." २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही गावाच्याच नावाने. आणि ते बरोबरच आहे, कारण हे काम एकट्याचं नसतंच. भोपळा पिकवणारा एक, दांडी कोरणारा दुसरा, नक्षी करणारा तिसरा.

आणि पुढे जवारी लावणारा चौथा. हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याचं काम कधी संपत नाही. तारांच्या घासण्याने घोडीवर चरे पडतात आणि आवाज मुका होतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा तंबोरा आज बोलत असेल, तर मधल्या काळात कितीतरी हातांनी ती घोडी पुन्हा पुन्हा घासलेली असते. मूळ कारागीर कधीच गेला. पुढच्याने त्याचं काम जिवंत ठेवलं. स्वतःचं नाव लावायला त्यात जागाच नाही. चाचा एकदा घोडी उजेडात धरून म्हणाले होते, "काम चांगलं केलंय कुणीतरी." कुणी, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण कानशीच्या खुणांवरून त्यांनी त्या माणसाला ओळखलं होतं.

१९७९ मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला. आता तो मोबाइलमध्येच मिळतो. सोय आहे, नाकारत नाही. रोजच्या रियाजाला मीही तोच लावतो. त्याला भोपळा लागत नाही, तो पावसात उतरत नाही. आणि त्याची जवारी कधी बिघडत नाही, त्यामुळे ती लावणाऱ्याला कुणी बोलावत नाही. अडचण इथेच आहे. हे काम पुस्तकात लिहिता येत नाही, ते एका कानाने दुसऱ्या कानाला द्यावं लागतं. त्यासाठी बिघडलेले तंबोरे लागतात, तेही पुष्कळ. शिकणाऱ्या मुलाच्या हाताखालून शंभर घोड्या गेल्याशिवाय त्याला ती 'केसाएवढी' कळणार कशी?

असो. लेख लांबला. नातेवाईक मंडळी, तुमच्यापैकी निदान तिघांच्या घरी माळ्यावर किंवा कपाटामागे खोळीत बांधलेला तंबोरा आहे, मला माहीत आहे. कुणाचा ते इथे सांगत नाही! या दिवाळीपर्यंत तो खाली काढा. भोपळ्याला चीर नाही ना ते बघा, तारा बदला आणि जवारी लावून घ्या. पुण्यात कुणी सापडलं नाही तर गाडीत घालून मिरजेला न्या, सतारमेकर गल्ली कुणीही दाखवेल. तिथे सहाव्या-सातव्या पिढीतली मुलं अजून हे काम करतात. पैसे द्याल ते द्याच, पण बिघडलेला तंबोरा त्यांच्या पुढ्यात ठेवाल, त्याची त्यांना जास्त गरज आहे.