ट्रकचा ‘सातवा इंजेक्टर’: महागडा फिल्टर बदलण्याआधी हा छोटा पार्ट का तपासायचा?

सहा सिलिंडरच्या इंजिनात इंजेक्टर किती? तुम्ही म्हणाल सहा. पण अनेक मोठ्या ट्रकमध्ये आणखी एक असतो. तो इंजिनात नाही, तर टर्बोच्या पुढे, सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपवर बसवलेला असतो. अमेरिकेतले मेकॅनिक त्याला ‘सेव्हन्थ इंजेक्टर’ म्हणतात. तो बिघडला की दोष मात्र भलत्याच पार्टवर येतो.

धुराच्या पाइपात डिझेल कशाला?

डिझेलच्या धुरात बारीक काजळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत 2007 पासून आणि भारतात 1 एप्रिल 2020 पासून, म्हणजे बीएस-6 आल्यावर, मोठ्या डिझेल गाड्यांसाठी काजळीचे नियम खूप कडक झाले. त्यामुळे काजळी अडवणारा फिल्टर आला. त्याला डीपीएफ म्हणतात.

फिल्टर भरला की आतली काजळी जाळावी लागते. यालाच रिजनरेशन किंवा ‘रिजन’ म्हणतात. त्यासाठी साधारण 600 अंश सेल्सिअस तापमान लागतं. गर्दीत रांगत चालणाऱ्या ट्रकचा धूर तेवढा तापत नाही. म्हणून सातवा इंजेक्टर पाइपात डिझेल फवारतो. फिल्टरच्या आधी डीओसी नावाचा कॅटॅलिस्ट असतो. तिथे या डिझेलचं ज्वाळेशिवाय ज्वलन होतं आणि त्या उष्णतेवर फिल्टरमधली काजळी जळते.

काही इंजिनांत हा पार्ट नसतो. तिथे सिलिंडरमधलेच इंजेक्टर उशिरा थोडं जास्त डिझेल सोडतात. आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे, हे आधी मॅन्युअलमध्ये पाहा.

आणि हो, युरिया म्हणजे डीईएफ फवारणारा इंजेक्टर वेगळा. तो नायट्रोजन ऑक्साइड कमी करतो. दोघांची गल्लत करू नका.

बिघडतो कसा?

• चोक होतो: नोझल गरम, काजळीच्या धुरासमोर असतं. तिथे उरलेलं डिझेल जळून कडक कार्बन होतो. मग डिझेल कमी पडतं, तापमान चढत नाही, रिजन अर्धवट राहतं. वारंवार रिजन, डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा आणि शेवटी पिकअप गायब, असा हा क्रम.

• गळतो: नको तेव्हा डिझेल ठिबकतं. पांढरा धूर आणि डिझेलचा वास येतो. साचलेलं डिझेल एकदम पेटलं तर फिल्टर अति तापून खराब होऊ शकतो.

• कूलंट गळतं: अनेक इंजेक्टर थंड ठेवण्यासाठी त्यातून कूलंट फिरवलं जातं. कूलंट कारण नसताना कमी होत असेल, तर इथेही पाहा.

सर्व्हिसिंग करताना काय पाहायचं?

1. गाडी पूर्ण थंड होऊ द्या. डिझेल लाइन आणि कूलंटचं प्रेशर मोकळं केल्याशिवाय काहीही सोडू नका.

2. इंजेक्टर काढल्यावर त्याचं टोक आणि तो बसतो ती जागा, दोन्ही साफ करा. पाइपातलं छिद्र कार्बनने बुजलं असेल तर नवा इंजेक्टरही चालणार नाही.

3. नोझलच्या छिद्रात तार किंवा टाचणी घालू नका. छिद्र मोठं झालं की फवारा बिघडतो. कंपनीने सांगितलेल्या पद्धतीनेच साफ करा. काही इंजेक्टर साफ करण्याजोगे नसतात, ते बदलावेच लागतात.

4. जुनं गॅस्केट पुन्हा वापरू नका. बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या मापानेच आवळा.

5. शेवटी उभ्या गाडीत रिजन करून पाहा. हे मोकळ्या जागेत करा. सायलेन्सरजवळ वाळलं गवत, कचरा किंवा माणूस नको.

पण चोक झालाच का?

हा प्रश्न विचारला नाही, तर तेच काम पुन्हा निघतं. तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभं राहणं, टर्बोतून येणारं ऑइल, बिघडलेला ईजीआर व्हॉल्व्ह, यांमुळे काजळी वाढते. शिवाय काजळी जळते, पण इंजिन ऑइलची राख जळत नाही. राखेने भरलेला फिल्टर काढूनच साफ करावा लागतो, तिथे रिजनचा उपयोग नाही.

डीओसी आणि फिल्टरमध्ये प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असल्यामुळे ते महाग असतात. म्हणून फिल्टर बदलायला होकार देण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारा: “रिजनच्या वेळी डीओसीच्या पुढचं तापमान किती चढलं?” हा आकडा स्कॅनरवर दिसतो. तो चढतच नसेल, तर आधी इंजेक्टर, त्याची डिझेल लाइन आणि डीओसी तपासा. फिल्टरची पाळी त्यानंतर.