बंदुकीकडून दुर्बिणीकडे

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात, पवित्र मरियेच्या वॉल्सिंगहॅम या पुरातन तीर्थक्षेत्रापासून काही मैलांवर, क्ले नावाचे गाव आहे. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये दलदल पसरलेली आहे. आपल्या खाजणांची आठवण व्हावी अशीच. शरद ऋतूत उत्तरेकडून दक्षिणेस निघालेल्या पक्ष्यांना वाटेत वारापावसाने गाठले, की ते थकूनभागून याच किनाऱ्यावर उतरतात. त्यांना पाहण्यासाठी आज दूरदूरहून माणसे येतात. मात्र पूर्वी येणाऱ्यांच्या हाती दुर्बीण नव्हे, बंदूक असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी शिकारी शरदात क्लेला मुक्काम करीत. मारलेला पक्षी हाती असल्याखेरीज दुर्मिळ जातीची नोंद सहसा ग्राह्य धरली जात नसे. संग्राहक अशा पक्ष्यासाठी पैसे मोजीत आणि गावातले पॅशली नावाचे कारागीर त्यात पेंढा भरून देत. १८९६ च्या ऑक्टोबरअखेर सायबेरियाकडून भरकटलेला एक इवलासा वटवट्या येथे टिपला गेला. ब्रिटनमधील त्या जातीची ती पहिली नोंद. पण हजारो मैलांचा प्रवासी मात्र प्राणास मुकला.

पुढे दुर्बिणी सुधारल्या, कायदे झाले. तथापि निर्णायक पाऊल पडले ते १९२६ साली. डॉ. सिडनी लाँग या वैद्याने मित्रांच्या साह्याने सुमारे चारशे एकर दलदल विकत घेतली आणि तिच्या रक्षणासाठी विश्वस्त संस्था स्थापन केली. बंदूक खाली ठेवणे पुरेसे नाही, पक्ष्याला उतरावयास जागाही उरली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडेही हाच प्रवास घडला. १८९६ च्याच नोव्हेंबरात जन्मलेल्या सालिम अलींनी बालपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या कंठाची चिमणी मारली. ती कोणती, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि तेथून त्यांच्या आजन्म अभ्यासाचा आरंभ झाला. भरतपूरची पाणथळ भूमी राखण्यासाठी पुढे तेच झटले.

चिमण्यांचा बाजारभाव प्रभू येशूला ठाऊक होता. परंतु पित्याच्या दृष्टीतील त्यांचे मोल त्याने निराळे सांगितले. २००८ साली अमेरिकेतील चिमणीसारखा एक पाहुणा क्लेला आला. तो पाहण्यास आलेल्यांनी गावच्या चर्चसाठी देणग्या दिल्या आणि त्या चर्चच्या काचचित्रात त्या पाखराला स्थान मिळाले. शंभर वर्षांपूर्वी तेच पाखरू पेंढा भरून कपाटात गेले असते.

आपल्या खाड्यांवर आणि मिठागरांवरही पाऊस सरताच उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. तेथे गलोलीपेक्षा मोठे भय आता भरावाचे आहे. म्हणून आमची धर्मग्रामातील कुटुंबांस विनंती आहे : या शरदात मुलाबाळांना घेऊन खाजणाच्या बांधावर जावे, पाखरे शांतपणे पाहावीत, आणि ती जागा राखण्याचा प्रश्न निघेल तेव्हा आपण मौन पाळू नये.