उन्हाळा, आंबवण आणि सोलापूरची शिंदी

बिअरचा इतिहास हा चवीइतकाच थंडाव्याचा इतिहास आहे. साखरेचे मद्यार्क करताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडते; त्यात बाहेर ऊन असले की आंबण्याचा वेग हाताबाहेर जातो आणि चव बिघडते. म्हणूनच बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बिअर बनवण्यास मनाई झाली. हिंदुस्थानात इंग्रजांनी कसौलीचा डोंगर गाठला. १८७०नंतर कार्ल फॉन लिंडेच्या शीतयंत्राने ऋतूचे बंधन सैल केले.

सोलापूरच्या उन्हाळ्याला ना डोंगर होता ना यंत्र. शिंदीचा रस झाडावरच्या मडक्यातच आंबू लागे. रात्रीच्या गारव्यात तो धरायचा, मडक्याला आतून चुना लावायचा, ऊन चढण्याआधी उतरवायचा. तरच तो नीरा राही. एरवी त्याची शिंदी होई, आणि सरकारचे लक्ष होते ते तिच्यावर. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यापासून हे झाडच महसुलाचे साधन झाले होते.

म्हणून ८ मे १९३० रोजी रूपाभवानी परिसरात सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली, तो केवळ व्यसनाचा निषेध नव्हता. तो तिजोरीवरचा घाव होता. गोळीबारात शंकर शिवदारे पडले. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली.

चार हुतात्मा चौकात आपण ही नावे वाचतो. त्यांच्यामागचे झाड, मडके आणि ऊन मात्र आपल्या वाचनातून निसटते.