कापूस वऱ्हाडचा, चाती परक्याची

बुलढाण्याहून औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे, जाणाऱ्या वाटेवर धाड हें गांव लागतें. पूर्वीं हा वऱ्हाडचा उंबरठाच होता. थोडें पुढें गेलें कीं निजामाची हद्द सुरू होई. भोंवतालची जमीन काळी, आणि काळ्या जमिनीचें जुनें पीक म्हणजे कापूस. राष्ट्राराष्ट्रांतील कारखानदारीची चढाओढ हा लंडन किंवा टोकियो येथील कचेऱ्यांतला विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक या चढाओढीचा हिशेब दीडशें वर्षें धाडसारख्या गांवांच्या बाजारांतच, तराजूच्या कांट्यावर, मांडला जात आला आहे. कापूस तोच, शेतकरी तोच. बदलत गेला तो फक्त दूर देशीं सूत कातणारा मालक.

रेल्वे येण्यापूर्वीं वऱ्हाडांतील कापूस पुष्कळसा वऱ्हाडांतच कातला आणि विणला जात असे. घरोघरच्या बायका चरकीवर सरकी वेगळी करीत, पिंजारी रुई पिंजून देई, तिचे पेळू होत आणि फुरसतीच्या वेळीं रहाटावर त्यांचें सूत निघे. जाडेंभरडें कापड आणि पासोड्या महार विणीत. धोतरें, लुगडीं व खण यांचें नाजूक काम कोष्टी, साळी आणि मोमीन यांच्या मागांवर होई. हा काळ सुवर्णयुगाचा होता असें म्हणणें खरें ठरणार नाहीं. रहाट चालविणाऱ्या बाईच्या पदरीं थोडेच पैसे पडत, विणकर सावकाराच्या बाकींतून सुटत नसे, आणि महारानें विणलेलें कापड सर्वांच्या अंगाला चाले, पण विणणाऱ्याचा स्पर्श मात्र चालत नसे. तथापि एक गोष्ट निर्विवाद होती. बोंडापासून धोतराच्या कांठापर्यंत कापसाची जी किंमत वाढे, तिचा बराचसा वांटा पंचक्रोशींतच राही.

त्या वेळीं इंग्लंड हा कापडाच्या बाबतींत हिंदुस्थानचा गुरु नव्हता, गिऱ्हाईक होता. हिंदी छिटांनीं तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांना इतकें जेरीस आणलें कीं, १७०० आणि १७२१ सालीं पार्लमेंटला त्यांविरुद्ध कायदे करावे लागले. या कायद्यांच्या आडोशानें लँकेशायरमधील कापूसधंदा वाढला. हारग्रीव्ह्जचें अनेक चात्यांचें यंत्र, १७६९ मधील आर्कराइटची पाण्यावर चालणारी चरखी आणि १७७९ मधील क्रॉम्प्टनचें यंत्र यांनीं एका माणसाच्या हातीं शेंकडों चात्या दिल्या. घरीं संरक्षक जकातींचा तट उभा होता. बाहेर मात्र हिंदुस्थानचा बाजार मोकळा ठेवण्यांत आला. जो उद्योग लहानपणीं कुंपणांत वाढला, त्यानेंच मोठेपणीं इतरांना खुल्या व्यापाराचा उपदेश केला, हें या इतिहासांतील पहिलें वर्म होय.

वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला. आठच वर्षांनीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडवून धरलीं आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून बंद पडूं लागल्या. तेथील मजूर उपाशी पडले. येथील कापसाला कधीं न पाहिलेला भाव आला. १८६५ मध्यें युद्ध संपलें आणि तो भाव कोसळला. हजारों मैलांवरच्या लढाईनें वऱ्हाडांतील कुणबी चार वर्षें श्रीमंत झाला आणि तहानें पुन्हां कर्जबाजारी झाला, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

युद्ध संपलें तरी एक गोष्ट मागें राहिली, ती रेल्वे. भुसावळहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ सालीं नागपुरास पोंचला. पुढें १८७० मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं जलंब ते खामगांव हा फांटा खुला केला. सुएझचा कालवा १८६९ मध्येंच वाहतुकीस खुला झाला होता. खामगांवच्या बाजाराची कीर्ति विलायतेपर्यंत गेली. रॅली, व्होल्कार्ट यांसारख्या परदेशी पेढ्या वऱ्हाडांत थेट खरेदी करूं लागल्या. धाड-बुलढाण्याकडच्या पठारावरून कापसाच्या गाड्या घाट उतरून पायनघाटांत जात. तेथें जिनमध्यें सरकी निघे, प्रेसमध्यें रुई दाबून तिची गांठ होई. अमरावतीच्या नांवावरून या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारांत ‘ऊमरा’ असें नांव पडलें. गांवाला कधीं न पाहिलेलें गिऱ्हाईक मिळालें, आणि गिऱ्हाइकाला कधीं न पाहिलेलें गांव.

परंतु परत येणाऱ्या डब्यांतून काय आलें? मँचेस्टरचें कापड. हा केवळ योगायोग नव्हता. मध्यप्रांत व वऱ्हाड यांचे कापूस कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनीं त्याच सुमारास आपला हिशेब उघड मांडला होता. विलायती कापड रेल्वेनें आंत आलें तर देशी कापड महाग ठरेल. मग येथें सूत होणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यांत गुंतलेलीं माणसें शेतमजुरीस मिळतील, असें तें गणित होतें. तें बरोबर उतरलें. चात्या थंडावल्या, माग एकेक करून कोनाड्यांत गेले, आणि कालचा विणकर दुसऱ्याच्या शेतांत कापूस वेंचूं लागला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पीक बुडालें तेव्हां या माणसांपाशीं दुसरा हुन्नर उरलेला नव्हता. उद्योगाचा ऱ्हास कागदावर आंकड्यांनीं दिसतो. गांवांत तो दुष्काळी कामावरच्या खडीच्या ढिगाऱ्यापाशीं दिसला.

हिंदी भांडवलदार मात्र स्वस्थ बसले नव्हते. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत पहिली कापूसगिरणी काढण्याचा उपक्रम केला. जमशेटजी टाटा यांनीं त्यापुढचा विचार केला. कापूस जेथें पिकतो तेथेंच गिरणी कां असूं नये, असें मनाशीं धरून त्यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरांत एंप्रेस मिल सुरू केली. पुढें हिंगणघाट, बडनेरा, अकोला येथेंही धुराडीं उभीं राहिलीं. मुंबईचें सूत चीनच्या बाजारांत विलायती सुतास मागें टाकूं लागलें. लँकेशायरच्या आग्रहाचा परिणाम असा झाला कीं, १८९६ सालीं बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसली, तेव्हां देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर बसविण्यांत आला. हा कर तीस वर्षें चालला आणि १९२६ सालीं रद्द झाला.

इतक्यांत तिसरा खेळाडू रंगणांत उतरला. ओसाका येथील मोठी सूतगिरणी १८८३ सालीं सुरू झाली. जपाननें १८९३ मध्यें मुंबईशीं स्वतःच्या आगबोटींची ये-जा सुरू केली. १८९४ मध्यें सुताच्या निर्यातीवरील आणि १८९६ मध्यें कापसाच्या आयातीवरील जकात काढून टाकली. वऱ्हाडी कापसाचा धागा आंखूड. लँकेशायरला तो फारसा रुचत नसे. जपानी गिरण्यांनीं तो स्वस्त म्हणून घेतला, लांब धाग्याच्या अमेरिकन कापसांत कौशल्यानें मिसळला, आणि दोन पाळ्यांत राबणाऱ्या मुलींच्या हातून त्याचें सूत काढलें. प्रथम चीनमधून मुंबईचें सूत हटलें. पहिल्या महायुद्धांत इंग्रजी कापडाचा पुरवठा तुटतांच जपानी कापड हिंदुस्थानांतच आलें. १९१३ च्या सुमारास इंग्लंडचें तीनशें कोटी यार्डांच्या घरांतील कापड या देशांत येत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडाशीं त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. बहिष्काराची चळवळ, येथील गिरण्यांची वाढ आणि जपानी स्पर्धा या तिन्हीं कारणांनीं हें घडलें. १९३१ च्या सप्टेंबरांत महात्मा गांधी लँकेशायरमधील बेकार विणकरांना जाऊन भेटले, तेव्हां एका ऱ्हासाची दुसऱ्या ऱ्हासाशीं समोरासमोर गांठ पडली.

धाडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें खरी परीक्षा १९३३ सालीं झाली. सरकारनें ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत नेली. जपानी गिरणीवाल्यांनीं उत्तर दिलें तें हिंदी कापसाच्या खरेदीवर बहिष्कार घालून. भांडण कापडाचें होतें, पण फटका कापसाला बसला. मुंबईच्या गिरणीमालकाला जपानी कापड नको होतें आणि वऱ्हाडच्या कुणब्याला जपानी गिऱ्हाईक हवें होतें; एकाच देशांतील दोन माणसांचें हित परस्परांविरुद्ध उभें राहिलें. अखेर १९३४ मध्यें करार झाला. जपाननें हिंदी कापसाच्या दहा लाख गांठी घेतल्या तर त्याला ३२॥ कोटी यार्ड कापड आणतां येईल. पंधरा लाख गांठी घेतल्या तर चाळीस कोटी यार्ड. जकातही शेंकडा ५० वर आली. गांठीला यार्ड बांधून दिलेला हा तह नीट पाहिला तर त्याचा अर्थ कळून येतो. कच्चा माल देऊन पक्का माल घ्यावा, ही रीत कायम राहिली. गिऱ्हाईक तेवढें पालटलें.

यानंतरची कथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. १९५८ सालीं कापड विकणारा इंग्लंड कापडाची निर्यातीहून अधिक आयात करणारा देश झाला, आणि १९६८ मध्यें मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमधील व्यवहार बंद पडला. जपानची मजुरी वाढली आणि तोही धंदा कोरिया, तैवान, मग चीन व बांगलादेश असा सरकत गेला. मुंबईंत १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यांत होते. त्यानंतर गिरणगांव पुन्हां पूर्वीसारखें गजबजलें नाहीं, आणि चाळींत राहणाऱ्या कित्येकांना कोंकणाची व घाटाची वाट धरावी लागली. नागपुरची एंप्रेस मिलही नव्या शतकाच्या आरंभीं बंद झाली.

या साऱ्यांतून एकच राष्ट्र दुष्ट आणि एकच सज्जन असा निष्कर्ष निघत नाहीं. इंग्लंडनें हिंदुस्थानशीं जें केलें त्याचीं फळें पुढें लँकेशायरच्या मजुरानेंही चाखलीं. मुंबईनें चीनच्या चरख्याशीं जें केलें तें ओसाकानें मुंबईशीं केलें. चाती कोणाच्याच दारीं कायमची बांधलेली नसते. मजुरी, जकात, यंत्र आणि राज्यसत्ता यांचा वारा फिरला कीं ती जागा बदलते. ज्यानें मधल्या काळांत शाळा, हुन्नर आणि भांडवल यांची बेगमी केली, तो देश चाती गेल्यावरही उभा राहतो. ज्यानें नुसता कापूस विकला त्याच्यापाशीं पऱ्हाटीचें सरपण उरतें.

आज धाडच्या आसपासच्या पुष्कळ शेतांत कापसाशेजारीं सोयाबीन उभें आहे. तेंही पोत्यांत भरून बाहेर जातें, आणि त्याचाही भाव दूरच्या बाजारांत ठरतो. खामगांवला गाड्या नेणाऱ्या त्या जुन्या कुणब्याला एक प्रश्न पडला असेल, कीं शेत आपलें, घाम आपला, मग किंमत ठरविणारा दुसरा कां? पीक बदललें, तरी तो प्रश्न अजून त्याच बांधावर बसून आहे.