घरातल्या जुन्या फोटोवर हक्क कुणाचा?

आजचा विषय तसा घरगुती आहे. आजोबा-पणजोबांचे फोटो स्कॅन करून इंटरनेटवर टाकायचे, तर परवानगी कुणाची घ्यायची? सहसा दोन उत्तरं ऐकू येतात. एक, 'फोटो आमच्या घरातला, परवानगी कसली?' दुसरं, 'मागे स्टुडिओचा शिक्का आहे, म्हणजे हक्क स्टुडिओचा.' कायद्याचा इतिहास पाहिला तर दोन्ही उत्तरं अपुरी पडतात.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. राजा दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला तो १८९६ मध्ये. पुढे मध्यमवर्गही स्टुडिओत जाऊ लागला. ठेवणीतले कपडे घालायचे, रंगवलेल्या पडद्यासमोर श्वास रोखून बसायचं. घरी यायचा तो कागद. काचेची निगेटिव्ह सहसा स्टुडिओतच राहायची. आणखी प्रती हव्या असतील तर पुन्हा तिथेच जायचं. 'निगेटिव्ह ज्याची, फोटो त्याचा' ही समजूत इथूनच आली असावी.

कायदा मात्र वेगळं सांगत होता. १९११ चा ब्रिटिश कॉपीराइट कायदा आपल्याकडे १९१४ च्या कायद्याने काही फेरफारांसह आला. त्यात निगेटिव्हचा मालक हाच फोटोचा कर्ता मानला जाई, हे खरं. पण पैसे देऊन, ऑर्डर देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ऑर्डर देणारा. १९५७ च्या कायद्याने कर्ता ठरवला तो प्रत्यक्ष फोटो काढणारा. मालकीचं तत्त्व मात्र कलम १७ मध्ये तसंच ठेवलं. ते आजही आहे.

आता १९३५ सालच्या एखाद्या लग्नातला ग्रुप फोटो डोळ्यांसमोर आणा. फोटोग्राफर वधूपित्याने बोलावला, पैसे त्यानेच दिले. फोटो सासरच्या भिंतीवर लागला आणि आज नातवाकडे आहे. नातवाच्या हातात कागद आहे. हक्क मात्र आजीच्या माहेरी! तोही एकट्या मामाआजोबांकडे नाही, तर वधूपित्याच्या सगळ्या वारसांकडे. त्यात आजीही आली, म्हणून तिच्यामार्फत नातवाचाही थोडा वाटा असू शकतो. पण वाटा असणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने होकार देणं नव्हे.

घरगुती कॅमेरा आल्यावर चित्र उलटं झालं. क्लिक-थ्रीसारख्या कॅमेऱ्याने काकांनी हौसेने फोटो काढले, पैसे कुणीच दिले नाहीत. तिथे हक्क काकांचा, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या वारसांचा. फोटोत आपण आहोत म्हणून कॉपीराइट आपल्याकडे येत नाही.

मग हा हक्क संपतो कधी? इथे कायद्याने तीनदा घड्याळ बदललं. १९१४ च्या कायद्यात मोजणी निगेटिव्ह तयार झाल्यापासून, ५० वर्षं. १९५७ चा कायदा जानेवारी १९५८ मध्ये अमलात आला आणि मोजणी प्रसिद्धीपासून सुरू झाली; आधी ५० वर्षं, १९९२ च्या दुरुस्तीनंतर ६०. गंमत बघा, ट्रंकेत पडून राहिलेला फोटो कधी प्रसिद्धच झाला नाही, त्यामुळे त्याचं घड्याळ सुरूच झालं नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलमच गेलं. आता सर्वसाधारण नियम: फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. एक टोक मात्र स्पष्ट आहे. १९०८ च्या आधी काढलेल्या फोटोंची मुदत १९५७ चा कायदा येण्याआधीच संपली होती आणि नव्या कायद्याने ती पुन्हा जिवंत केली नाही. ते फोटो खुशाल वापरा.

मधल्या काळातल्या फोटोंसाठी आपण काय करायचं? तीन प्रश्न विचारा: फोटो कुणी काढला, पैसे कुणी दिले, त्या माणसाचे वारस कोण? उत्तरं सांगणारी माणसं घरात आहेत तोवरच विचारा आणि टिपून ठेवा. भावंडांना, आते-मामेभावंडांना एक साधा निरोप पाठवून लेखी होकार घ्या. कलम १७ मुळे स्टुडिओ बंद पडला म्हणून अडून बसायची सहसा गरज नाही. परवानगी मागायची ती बहुतेक वेळा आपल्याच नात्यागोत्यात. आणि फोटोतली माणसं हयात असतील तर त्यांनाही विचारा. कॉपीराइटचा कायदा ते सांगत नाही, पण घरच्या माणसांना विचारायला कायदा कशाला हवा?