'उपकरण सुरू होऊ शकत नाही' : दोष नेमका कोठे शोधावा?

संगणकाला नवे कार्ड किंवा बाह्य उपकरण जोडावे आणि पडद्यावर 'धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट' अशी सूचना उमटावी, हा अनुभव अनेकांना येतो. विंडोजमध्ये या त्रुटीला 'कोड १०' म्हणतात. सूचना वाचताच उपकरण निकामी झाले, असा समज होतो. वस्तुतः तिचा अर्थ एवढाच, की उपकरण संगणकाला दिसले आहे. परंतु ड्रायव्हरला ते सुरू करता आलेले नाही. म्हणून दोष शोधताना उपकरणाचा क्रमांक शेवटी लावावा.

वजनकाट्याचे उदाहरण

सातारा आणि सांगली हे उसाचे जिल्हे; सांगलीची हळदीची बाजारपेठही विख्यात आहे. वजनावर चालणाऱ्या अशा व्यवहारांत इलेक्ट्रॉनिक काटा संगणकाला जोडून नोंद थेट घेता येते. जुन्या काट्यांना बहुधा नऊ पिनांचा सीरियल पोर्ट लागतो. नव्या संगणकांवर तो क्वचितच आढळतो. मग सीरियल पोर्टचे कार्ड बसवावे लागते किंवा यूएसबी कन्व्हर्टर वापरावा लागतो. संगणक बदलला किंवा विंडोज अद्ययावत झाली, की हाच दुवा तुटू शकतो. काटा ठीक असतो, केबल ठीक असते. पण ऐन हंगामात वजन हाताने लिहून घ्यावे लागते, आणि तेथे चूक झाली तर शेतकऱ्याच्या पैशांचा प्रश्न उभा राहतो.

याचे एक ज्ञात कारण कन्व्हर्टरमधील चिपमध्ये आहे. तैवानच्या प्रोलिफिक कंपनीच्या पीएल-२३०३ मालिकेतील 'एचएक्सए' आणि 'एक्सए' या चिप २०१२ मध्ये बंद झाल्या. विंडोज ८ पासूनच्या आवृत्त्यांसाठी कंपनीने दिलेले ड्रायव्हर त्यांना स्वीकारत नाहीत, आणि 'कोड १०' दिसतो. नकली चिपचीही तीच गत होते. २०१४ मध्ये एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपची ओळख-संख्याच शून्य केली आणि चालू स्थितीतील अनेक कन्व्हर्टर बंद पडले. टीकेनंतर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. अशा वेळी काटा किंवा संगणक बदलण्याची गरज नसते. आपल्या विंडोज आवृत्तीसाठी ड्रायव्हर उपलब्ध असलेला अस्सल कन्व्हर्टर घेणे पुरेसे ठरते. मात्र नव्या कन्व्हर्टरला वेगळा कॉम पोर्ट क्रमांक मिळू शकतो. काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच क्रमांक द्यावा, अन्यथा उपकरण सुरू होऊनही वजन दिसणार नाही.

तपासणीचा क्रम

१. प्रथम 'रिस्टार्ट' करावे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असल्यास 'शट डाउन' केल्याने प्रणाली पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही, 'रिस्टार्ट'ने होते.

२. वीजपुरवठा पाहावा. यूएसबी २.० पोर्ट कमाल ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर प्रवाह देण्यासाठी आखलेला असतो. बाह्य हार्ड डिस्क हबऐवजी थेट संगणकाला जोडून पाहावी. ग्राफिक्स कार्डला पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कमाल ७५ वॅट मिळतात. अधिक वीज लागणाऱ्या कार्डाची स्वतंत्र केबल जोडली आहे ना, याची खात्री करावी.

३. संगणकाची वीजजोडणी काढून कार्ड पुन्हा नीट बसवावे. त्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी. संपर्कपट्टी खोडरबराने घासू नये, सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडाने हलकेच पुसावी.

४. 'डिव्हाइस मॅनेजर'मधील क्रमांक वाचावा. 'कोड २८' म्हणजे ड्रायव्हर बसवलेला नाही. 'कोड १२' म्हणजे उपकरणाला आवश्यक संसाधने मोकळी नाहीत. 'कोड ४३' म्हणजे उपकरणाने बिघाड कळवल्याने विंडोजने ते थांबवले आहे. 'कोड ५२' म्हणजे ड्रायव्हरच्या डिजिटल स्वाक्षरीची खात्री पटली नाही.

५. ड्रायव्हर काढून निर्मात्याच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर बसवावा. अद्ययावत केल्यानंतर बिघाड झाला असल्यास 'रोल बॅक'ने आधीचा ड्रायव्हर परत आणावा.

६. अखेरीस उपकरण दुसऱ्या संगणकावर लावून पाहावे. तेथेही ते चालले नाही, तरच ते सदोष असल्याचा निष्कर्ष काढावा.

पुराचे पाणी लागले असल्यास

वरील क्रमाला एक अपवाद आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत पोहोचली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुराच्या पाण्यात भिजलेले उपकरण 'चालते का पाहू' म्हणून सुरू करणे हीच मोठी चूक ठरते. ओला गाळ वीज वाहून नेतो आणि वाचू शकणारा भागही जळतो. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असते. त्यातून पाणी आत गेलेले असू शकते. डिस्क घरी उघडू नये, तिला वीजही देऊ नये. डेटा पुनर्प्राप्तीच्या जाणकाराकडे सोपवावी. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील महाबळेश्वर-कोयना परिसरात पूर नसला, तरी पावसाळ्यातील दमट हवेने संपर्कबिंदूंवर गंज चढू शकतो. तेथे बराच काळ बंद असलेला संगणक सुरू करण्यापूर्वी आतील ओल तपासावी.

कार्ड बाजारात पुन्हा मिळते. वर्षानुवर्षांच्या नोंदी मिळत नाहीत. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी, संगणक सुरू होत असेल तर, नोंदींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी.