कागदावरचा भाडेकरू

घरपट्टीच्या बिलाविरुद्ध वकील देणारा माणूस आपल्याकडे कंजूष ठरतो, नाहीतर खटलेबाज. एवढ्यातेवढ्यासाठी कोर्टाची पायरी कशाला चढायची, असे त्याला घरचेच सुनावतात. मुंबईच्या घरपट्टीचा इतिहास पाहिला तर मात्र या माणसाला इतक्या सहज उडवून लावता येत नाही. कराचा दर सभागृहाने ठरवला, पण तो दर कोणत्या रकमेवर लावायचा, हे बऱ्याच अंशी अपिलांतून ठरत गेले. यात वकिलांचा आगाऊपणा फारसा नव्हता. कायद्याने मुळातच प्रश्न असा विचारून ठेवला होता की वाद घातल्याशिवाय त्याचे उत्तर निघत नव्हते.

हा प्रश्न मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या कायद्यात आहे. त्याच्या मागे करदात्यांचा जुना राग होता. 1865 च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताच्या हाती शहराचा कारभार आला. त्याने बाजार बांधला, रस्ते आणि गटारे केली आणि तिजोरी रिकामी केली. 1871 मध्ये करदाते सभा घेऊन गर्जू लागले, आणि 1872 च्या कायद्याने 64 जणांच्या महापालिकेत 32 जागा करदात्यांनी निवडून द्यायच्या ठरल्या. पुढे 1888 चा कायदा घडवण्यात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. दोघेही वकील, हे इथे विसरून चालणार नाही. या कायद्याचे कलम 154 सांगते की एखादी जागा वर्षाच्या बोलीने भाड्याने दिली, तर वाजवीपणे जेवढे भाडे येईल अशी अपेक्षा धरता येते ते धरावे, दुरुस्ती वगैरेपोटी त्यातून दहा टक्के वजा करावेत, आणि उरेल ते करयोग्य मूल्य. ही कसोटी इंग्लंडातल्या 1836 च्या करआकारणी कायद्यातून जवळजवळ तशीच उचललेली आहे. ‘येईल’ नव्हे, ‘वाजवीपणे अपेक्षा धरता येईल’, या बेतशीर शब्दयोजनेवर पुढे शंभर वर्षे वकिलांची घरे चालली.

2010 पर्यंतच्या पद्धतीत घरात मालक स्वतः राहत असो, जागा रिकामी पडलेली असो की तिथे गिरणी असो, कायदा तिथे एक भाडेकरू कल्पितो आणि तो किती देईल असे विचारतो. करनिर्धारण खात्याचा निरीक्षक त्याच्या तोंडी एक आकडा घालतो, मालक दुसरा. मूल्य वाढवण्याची नोटीस आली की मुदतीत आयुक्तांकडे तक्रार करायची. इथे साधा अर्ज आणि भाडेपावत्यांच्या नकला पुरतात, आणि पुष्कळ जण वकिलाशिवाय एवढ्यावरच मिटवतात. तिथे समाधान झाले नाही तर कलम 217 खाली लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अपील. इथून पुढे गोष्ट बदलते. शेजारच्या मजल्यावरचा गाळा तुलनेला घ्यायचा की पलीकडच्या गल्लीतला, त्या गाळ्याच्या भाड्यात पंखे आणि फर्निचर धरले आहे का, पागडी घेऊन भाडे कमी दाखवले आहे का, हे साक्षीपुराव्याचे काम आहे. अर्ज नीट लिहिता येतो म्हणून उलटतपासणी घेता येते असे नाही.

ज्या मालमत्ता कोणी भाड्याने घेतच नाही, तिथे या कागदावरच्या भाडेकरूची फारच पंचाईत होते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. तिथल्या नगरपालिकेने लोकमान्य मिल्सच्या इमारतींचे मूल्य सरसकट क्षेत्रफळाच्या दराने काढले. इतके चौरस फूट, गुणिले अमुक रुपये, झाले काम. गिरणीने दाद मागितली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत मोडीत काढली. इमारत कशी आहे, कुठे आहे, कशासाठी वापरतात, हे न पाहता एकच दर लावला तर वाजवी भाडे शोधण्याची कसोटीच बाजूला पडते, असा त्याचा आशय. अहमदाबादेत हेच दोन अंगांनी झाले. मोकळ्या भूखंडांवर भांडवली किमतीच्या टक्केवारीने कर लावायचा नियम 1963 मध्ये पडला, आणि 1967 मध्ये न्यू माणेक चौक मिलच्या खटल्यात क्षेत्रफळाची पद्धत पुन्हा पडली. यातल्या 1963 च्या निकालानंतर गुजरात सरकारने नगरपालिकांनी आधी वसूल केलेल्या करांना मागल्या तारखेने वैध ठरवणारा कायदा केला होता. भडोचच्या पृथ्वी कॉटन मिल्सने त्यालाही आव्हान दिले आणि 1969 मध्ये ती हरली. वकिलाने कोर्टात मिळवलेले विधिमंडळ एका अधिनियमाने काढून घेऊ शकते, हे तेव्हा पक्के झाले. तरी कायदा बदलावा लागला ही गोष्ट उरतेच, आणि तो बदलावा लागला तो अपिलांमुळे.

सगळ्यात मोठी उलथापालथ केली ती भाडेनियंत्रणाने. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या जागांचे प्रमाण भाडे 1 सप्टेंबर 1940 रोजी होते तेवढ्यावर गोठवले. आता एक हिशेब मांडून पाहू. गिरगावातल्या एखाद्या खोलीचे त्या दिवशीचे भाडे महिना 20 रुपये असेल, तर वर्षाचे 240 आणि दहा टक्के वजा जाता 216. बाजारात ती खोली पुढे हजार रुपयांना जाऊ लागली, तर करयोग्य मूल्य 216 राहणार की 10,800 होणार? कलकत्त्याच्या पद्मादेवी खटल्यात, मग गुंटूरच्या करदात्यांच्या संघटनेच्या खटल्यात आणि शेवटी दिल्लीच्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिशेने उत्तर दिले. कायद्याने जे भाडे घेता येत नाही, त्याची अपेक्षा वाजवी कशी असेल? प्रमाण भाडे कुणी ठरवून घेतले नसले तरी, आणि जागेत मालक स्वतः राहत असला तरी, मर्यादा तीच. मुंबईत मालक-भाडेकरूंचे दावेही लघुवाद न्यायालयातच चालत. म्हणजे याच आवारात मालकाचे वकील एका खटल्यात भाडे फारच कमी आहे म्हणून गाऱ्हाणे मांडत आणि दुसऱ्यात तेच भाडे कायद्याने योग्य आहे म्हणून घरपट्टी कमी करून मागत. दोन्ही युक्तिवाद खरे होते, आणि गंमत त्यातच आहे.

यावर आक्षेप असा की वकिलांनी शहराला उपाशी ठेवले. दक्षिण मुंबईतल्या जुन्या ऐसपैस ब्लॉकला नाममात्र कर आणि उपनगरातल्या नव्या, जेमतेम दोन खोल्यांच्या फ्लॅटला त्याहून जास्त, ही विसंगती याच निकालांतून फोफावली हे नाकारण्यात अर्थ नाही. नव्या जागेचे पहिले भाडेच तिचे प्रमाण भाडे ठरे, म्हणून ती जास्त मूल्यावर चढे. पण गोठलेले भाडे कोर्टाने गोठवले नव्हते. ते विधिमंडळाने गोठवले, मतांच्या हिशेबाने पुन्हापुन्हा मुदतवाढ देत ठेवले, आणि डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. मालकाला 20 रुपये घ्यायला लावायचे आणि कर हजाराच्या हिशेबाने मागायचा, हे सरकारला हवे असेल तर तसे कायद्यात लिहावे लागते. निरीक्षकाला ते परस्पर करता येत नाही. अपिलांनी पालिकेला तोटा झाला असेल, पण तो दोन कायद्यांच्या भांडणातला होता. वकिलांनी ते भांडण फक्त उघडे पाडले.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. अपील परवडते कुणाला? वर आलेली नावे बघा: मिल, मिल, पुन्हा मिल. त्यात अपिलाआधी कराची रक्कम भरावी लागते. अहमदाबादच्या अनंत मिल्सने या अटीला आव्हान दिले तेव्हा 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, त्याला अटीही कायदा घालू शकतो. पुण्यालाही लागू असलेल्या 1949 च्या महापालिका कायद्याची ही अट आहे. अडीच खोल्यांच्या मालकाला एकीकडे भरलेली रक्कम आणि दुसरीकडे वकिलाची फी, म्हणजे दोन्हीकडून मार. तरीही मोठ्यांनी जिंकलेले निकाल त्यांच्यापुरते राहिले नाहीत. बार्शीच्या गिरणीने मिळवलेला नियम एखाद्या लहान गोदामवाल्यालाही फुकट वापरता आला, आणि गुंटूरला तर करदात्यांची संघटनाच खटला लढली.

मग वकिलाला वगळण्याचाच प्रयत्न झाला. 1 एप्रिल 2010 पासून मुंबईत भांडवली मूल्याची पद्धत आली. रेडी रेकनरचा दर, चटई क्षेत्र, इमारतीचा प्रकार, वापर, वय आणि मजला यांचे गुणक लावायचे की आकडा तयार. कल्पित भाडेकरूला रजा मिळाली, आता सगळे कोष्टकात बसेल, अशी समजूत होती. पण वाद बिलावरून उठून नियमांवर गेला. भूखंडावर भविष्यात किती बांधता येईल याची किंमत आजच करात धरायची का, हा मालकांच्या संघटनेचा मुद्दा. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने 2010 आणि 2015 च्या नियमांतले 20, 21 आणि 22 क्रमांकाचे नियम रद्द केले, आणि 7 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. कोष्टकाने लहान माणसाचा वकील वाचवला हे खरे. बदल्यात मोठ्यांच्या वकिलांना अख्ख्या शहराचे एकच प्रकरण हाती दिले.

2022 च्या सुरुवातीलाच राज्य सरकारने मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांची घरपट्टी माफ केली. पुष्कळ इमारतींचे बिल मात्र अजून सोसायटीच्या नावे निघते. अपील करायचे तर ठराव सर्वसाधारण सभेत आणावा लागतो. तिथे माफी मिळालेले सभासद शांत बसतात, मोठ्या फ्लॅटवाले वकिलाचे नाव सुचवतात, आणि फी सगळ्यांच्या मेंटेनन्समधून द्यायची की ज्यांचा कर वाचेल त्यांच्याकडून, यावर सभा लांबते.